दुसरीचं कोकरू

सदा,

गेल्या रविवारी डोंगरावर जाऊन आलो. सांगलीहून सकाळची पहिली एसटी धरली, कुंडलला उतरलो आणि सरळ पायवाटेला लागलो. तुझ्या घराकडे वळलो नाही. का वळलो नाही, तेच सांगायला हे लिहितोय. पण एकदम तिथवर पोचणं मला जमणार नाही. तू म्हणायचास, “प्राध्यापकाला मुद्द्यावर यायला दोन तास लागत्यात आनि तवर पोरं जेवायला गेल्याली असत्यात.” तसंच समज.

वानरांची टोळी वरच्या चिंचांवर होती. एका मादीला नवं पिल्लू झालंय. काळंकुळीत, कान तेवढे गुलाबी. मी बसेपर्यंत दुसऱ्या एका मादीनं ते ओढून घेतलं, तिच्याकडून तिसरीनं. आई फांदीवर पाय सोडून निवांत पाला खात बसली. मी वहीत वेळ लिहिली, कोणी कोणाकडून घेतलं ते लिहिलं आणि लिहून झाल्यावर वही उजवीकडे सरकवली. सवयीनं. वही दगडावर पडून राहिली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

माझ्या वहीत त्यांना आकडे असायचे. मादी एक, मादी दोन. तू वही ओढून आकड्यांच्या पुढं तुझी नावं लिहायचास. मादी चार म्हणजे आत्याबाई, कारण सगळ्यांच्या पोरांवर तिचं लक्ष. मादी सात म्हणजे नवरीबाई, कारण ती दर दहा मिनिटांनी अंग विंचरायची. मी चिडायचो. नाव दिलं की आपण तिच्या मनात आपलंच मन घालतो, मग निरीक्षण राहत नाही, गोष्ट होते, असं मी तुला किती वेळा सांगितलं.

“आकडा दिला म्हंजी मन जातं व्हय रं तिचं?” तू विचारलंस.

“तिचं जात नाही. आपलं बाजूला राहतं.”

“माजं न्हाई ऱ्हात, गड्या. मेंढरं राखल्याली मानसं आमी. तीनशे मेंढरांत एक कमी झालं तर माजा बा मोजायच्या आधी सांगायचा. त्यो काय आकडे बघून सांगत व्हता?”

हा वाद आपण पंधरा-सोळा वर्षं घातला आणि तो संपला नाही. आता तू नाहीस, म्हणून तो मी जिंकला असं नाही. रविवारी मी त्या नव्या पिल्लाला आकडा दिलाच नाही. नावही सुचलं नाही. नावं ठेवायचं काम तुझं होतं.

आपली ओळख सांगलीच्या वसतिगृहातली. मी रहिमतपूरचा, घरी ऊस, दोन चुलते फौजेत, दूध-तुपाचा डबा दर आठवड्याला यायचा. तू जतकडच्या माळावरचा. पहिल्या दिवशी तू खोलीत आलास तेव्हा तुझ्या घोंगडीला मेंढरांचा वास होता आणि मी खिडकी उघडली. दुसऱ्या दिवशी तूच म्हणालास, “खिडकी उगडी ऱ्हाऊ दे. मलाबी तुज्या तुपाचा वास सोसत न्हाई.” तिथून आपली दोस्ती. पुढं मी प्राणिशास्त्र शिकवायला सांगलीतच राहिलो आणि तू कुंडलजवळच्या हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर झालास. त्या डोंगरावर वानरं आहेत, हे तूच मला फोन करून सांगितलंस. “तुज्या पुस्तकातली मानसं हितं झाडावर बसल्यात. ये बघायला.” मग आपले रविवार ठरून गेले.

कॉलेजात मी माकडांवर शिकवायचो, ते सगळं वाचलेलं. बघायला तू शिकवलंस. अंग विंचरणं म्हणजे नुसत्या उवा काढणं नव्हे, हे मीही वर्गात सांगायचो. पण भांडण झाल्यावर कोण कोणाच्या जवळ पहिल्यांदा सरकतं, मान कशी वाकडी करतं, समोरच्यानं हात लावायच्या आधी किती वेळ जातो, हे तू घड्याळ न लावता सांगायचास. दोन माद्या एकमेकींना ओरबाडून चावल्या होत्या, त्या दिवसाचं आठवतं? तुझ्या डब्यातली भाकरी संपायच्या आत त्या एकमेकींच्या पाठीचे केस विंचरत बसल्या होत्या. तू म्हणालास, “बघ, आपल्या भावकीत अशा भांडनाला तीन पिढ्या लागत्यात.” मी खूप हसलो होतो.

आपल्या भांडणाला आपण दोघांनी तीन वर्षं लावली, सदा. आणि तीही पुरली नाहीत.

शाळेतली मुलं तुला एक प्रश्न दर वर्षी विचारायची, आणि तुझं उत्तर मी माझ्या वर्गात चोरून वापरत आलो. माकडापासून माणूस झाला तर मग ही माकडं अजून माकडं कशी राहिली? तू विचारायचास, “तुज्या चुलत्याची पोरं हायत का न्हाईत?” हायत, मुलगा म्हणायचा. “मग ती तुज्यापास्नं झाली का?” न्हाई. “तुजा आनि त्यांचा आजा एक. तसं हाय हे. ही आपली लांबची भावकी. आपण त्यांच्यापास्नं न्हाई झालो, दोघंबी एकाच घरातनं भाईर पडलो.” माझ्या पदव्युत्तर वर्गालासुद्धा एवढं सोपं करून सांगणं मला जमलं नव्हतं.

आता त्या उन्हाळ्याचं सांगायला हवं. चार वर्षं झाली. टोळीचा जुना हुप्प्या म्हातारा झाला होता आणि बाहेरच्या नरांचं एक टोळकं डोंगराभोवती घिरट्या घालत होतं. एका रविवारी आपण गेलो तेव्हा म्हातारा ओठ फाटून दूर ओढ्याकडे एकटा बसला होता आणि चिंचेवर नवा नर होता. तू त्याला फौजदार म्हणालास. त्या क्षणापासून आपल्याला दोघांनाही माहीत होतं, पुढं काय होणार ते. टोळीत अंगावर पिणारी दोन पिल्लं होती. नवा नर आधीच्या नराची पिल्लं मारतो. पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते आणि पुढचं पिल्लू त्याचं होतं. हे मी पंचवीस वर्षं खडूनं फळ्यावर लिहीत आलो होतो. फळ्यावर ते दोन ओळींत बसतं.

दुपारी त्यानं पहिल्या पिल्लाच्या आईवर झडप घातली. आत्याबाई मध्ये पडली. तिचा तो पोरगा नव्हता, नातूही नसावा, आपल्या वहीप्रमाणे तरी. ती त्याच्या अर्ध्या वजनाची म्हातारी त्याच्या तोंडावर गेली. तिच्यामागे आणखी दोघी. धूळ, किंचाळ्या, पाला खाली पडतोय. तू उठलास. तुझ्या हातात दगड होता. तुझा दगड कधी चुकत नाही हे मला माहीत होतं, गोफण चालवलेला हात तुझा. मी तुझं मनगट धरलं.

“सोड.”

“मध्ये पडायचं नाही, सदा. आपण फक्त लिहायचं.”

“सोड म्हन्तो न्हवं!”

मी सोडलं नाही. तोवर त्याचे दात पिल्लात रुतले होते. दुसरं पिल्लू त्या माद्यांनी वाचवलं; उरलेला दिवस ते एकीच्या छातीवरून दुसरीच्या छातीवर जात होतं आणि फौजदाराला ते नेमकं कोणाकडे आहे तेच कळत नव्हतं. पहिलं त्याच संध्याकाळी गेलं. त्याची आई ते वाळून चामडं होईपर्यंत घेऊन फिरली. आपण पुढचे दोन रविवार तिला बघत होतो.

उतरताना तू म्हणालास, “वहीत लिव. सदानं दगड उचलला. सरांनी हात धरला.”

मी लिहिलं नाही. वहीत त्या दिवसाचं सगळं आहे, वेळा आहेत, कोण कुठून आलं ते आहे. एवढंच नाही. आपण जंगलात ढवळाढवळ करू नये, हे मला आजही बरोबर वाटतं. पण माझी बोटं तुझ्या मनगटावर होती, हेही त्या दिवशी तिथं घडलेलंच होतं, आणि घडलेलं सगळं लिहायचं हा नियम मीच तुला शिकवला होता.

त्या दिवसापासून आपला खरा वाद सुरू झाला. मी म्हणायचो, माणूस कुठून आला हे कळायला फौजदाराकडे बघ. आपल्यातली मारामारी, मालकी, सावत्र पोरांचे हाल, सगळ्याचं मूळ तिथं दिसतं. तू म्हणायचास, “दिसतंय की. मी कुटं न्हाई म्हन्तो? पर तू फौजदाराला आजा म्हनून धरतोस आनि आत्याबाई आजी हाय हे इसरतोस.” आणि मग ते वाक्य, जे मी त्यानंतर किती ठिकाणी माझं म्हणून सांगितलं, त्याचीही आज कबुली देतो: “दगड घासला म्हनून मानूस मानूस न्हाई झाला. आपलं पोर दुसऱ्याच्या हातात द्यायला शिकला, आनि दुसऱ्याचं घ्यायला शिकला, तवा झाला.” माणसाचं मूल इतकं परावलंबी, इतकी वर्षं परावलंबी, की एकट्या आईला ते निभावणं शक्यच नव्हतं, वाढवणारे हात अनेक होते म्हणूनच ते टिकलं, असं आता बरेच अभ्यासकही म्हणतात. मी ते वाचून म्हणायचो. तू घरात बघून म्हणायचास.

कारण तुझ्या घरात वैजू होती.

वैजू तीन वर्षांची असताना तू वहिनींशी लग्न केलंस. वहिनींचा पहिला नवरा अपघातात गेलेला, पोर पदरात. तू बिनलग्नाचा, नोकरीवाला. तुझ्या माळावरच्या लोकांनी तुला वेड्यात काढलं. मी लग्नाला आलो होतो आणि मीही, सांगतोच आता, परतीच्या गाडीत बायकोला म्हणालो होतो की सदानं घाई केली. वैजू त्या लग्नात रडून रडून निळी झाली होती आणि तू मुंडावळ्या बांधलेल्या कपाळानं तिला खांद्यावर घेऊन मांडवाबाहेर फेऱ्या मारत होतास.

तू दुसरं मूल होऊ दिलं नाहीस. का, हे मी कधी विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी तू मला शाळेत बोलावलंस. विज्ञान मंडळाचा कार्यक्रम होता, पालकही आले होते, हॉल भरला होता. मी माकडं आणि माणूस यावर तासभर बोललो. चित्रं दाखवली. मुलं चुळबुळत होती. शेवटी तू आभार मानायला उठलास आणि आभार सोडून कोकराची गोष्ट सांगायला लागलास.

माळावर एखादी मेंढी विताना मरते, कोकरू मागं राहतं. दुसऱ्या एखादीचं कोकरू मेलेलं असतं. मग तुझी आई त्या पोरक्या कोकराला त्या दुसरीचं दूध, तिच्या वारेचा ओलावा अंगभर चोळायची आणि तिच्यापुढं ठेवायची. मेंढी हुंगायची, संशयानं लाथ मारायची. आई तिचा मागचा पाय धरून बसायची आणि कोकराला पाजायची. सगळं तू नक्कल करून दाखवलंस. मेंढी तूच, कोकरू तूच, आई तूच. हॉल हसून लोटपोट.

मी पुढच्या रांगेतून म्हणालो, हसतच म्हणालो, “म्हणजे सदाभाऊ, मेंढीला फसवलं. वासावरून तिला आपलंच वाटलं. माझाच मुद्दा झाला की हा.”

तू माझ्याकडे वळलास. “फसवलं, सर. शाळेत म्या तुमाला सर म्हन्नारच. फसवनूक दोन दिवसांची. दोन दिवसांत त्यो वास जातो. तिसऱ्या दिवशी मेंढी माळावरनं परत येताना सोता हाक मारत येती त्या कोकराला. आता तिला कोन फसवतंय?”

टाळ्या पडल्या, सदा. माझ्या तासभराच्या बोलण्याला ज्या पडल्या नव्हत्या त्या पडल्या. एक म्हातारे पालक उठून म्हणाले, “मास्तर, ह्येच खरं हाय.” आणि मी उठलो. मला उठायची काही गरज नव्हती.

मी म्हणालो, “मेंढीचं सोडा. नराच्या बाबतीत निसर्गाचा नियम सरळ आहे. दुसऱ्याचं पोर नर दोनच कारणांनी सांभाळतो. एक तर तो फसलेला असतो, नाहीतर त्याला त्या पोराच्या आईशी मतलब असतो. पोराशी मतलब कुणालाच नसतो.”

हॉलमध्ये तुझं घर माहीत नसलेलं एकही माणूस नव्हतं. मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि त्याला कुणीतरी कोपर मारलेलंही मला ऐकू आलं. तू माईक दोन हातांत धरून उभा होतास. मग म्हणालास, “सर शिकल्यालं मानूस हाय, बरोबर सांगत असतील. चला, चहा तयार हाय.”

नेहमीसारखं तू मला गाडीवर मागं बसवून एसटी स्टँडवर सोडलंस. रस्त्यात आपण उसाच्या तोडीबद्दल बोललो. तू म्हणालास यंदा टोळ्या उशिरा आल्या. मी म्हणालो हो. मी उतरलो. गाडी चालूच होती. मला बोलायला दोन मिनिटं होती, कदाचित तीनही. तू म्हणालास, “सांभाळून जा.”

पुढच्या रविवारी तुझा फोन आला नाही. दर रविवारी सकाळी तूच करायचास. मी ठरवलं, पुढच्या वेळी मी करेन. मग ठरवलं, तूच करशील. मग शाळेच्या परीक्षा असतील. मग मला असं वाटायला लागलं की इतके महिने झाल्यावर आता फोन केला तर तो नुसता फोन राहणार नाही, त्यात ते वाक्य येणारच, आणि ते मला पुन्हा ऐकायचं नव्हतं. मी वर्गात शिकवत राहिलो: भांडण झाल्यावर वानरं काही मिनिटांत जवळ येतात, कारण एकत्र राहायचं असेल तर त्यांना दुसरा मार्ग नसतो. मुलं लिहून घ्यायची.

पाच आठवड्यांपूर्वी सकाळी फोन वाजला. पडद्यावर तुझं नाव. आणि मी काय केलं माहीत आहे? लगेच उचलला नाही. तुला वाटायला नको की मी फोनची वाटच बघत होतो, म्हणून तीन रिंगा वाजू दिल्या. चौथीला उचलून अगदी साध्या आवाजात म्हणालो, “बोल रे.”

“काका, वैजू बोलतेय. बाबा गेले.”

तुझ्याच फोनवरून ती सगळ्यांना कळवत होती. मी तिच्या बाबाला नव्हे, तिला तीन रिंगा ताटकळत ठेवलं होतं.

अग्नी तिनंच दिला. कुणी काही म्हटलं नाही, तुझा चुलत भाऊसुद्धा नाही. मी मागं उभा होतो.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी घरी गेलो. वहिनी सोप्यात बसल्या होत्या. “या भावजी,” म्हणाल्या, आणि मग लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत राहिल्या. नंतर म्हणाल्या, “तीन वर्सं झाली, तुमी आलासा न्हाई. ह्यो मानूस दर ऐतवारी दुपारपतूर फोनकडं बगायचा. मी म्हनायची, तुमीच लावा की. तर म्हनायचा, त्याला येळ नसंल.”

मला वाटलं, आता त्या विचारतील. त्यांनी विचारलं नाही. त्यांना माहीत नव्हतं. तू घरी काही सांगितलंच नव्हतंस. त्या हॉलमधलं वाक्य तू स्टँडवरून परत येताना रस्त्यातच कुठेतरी ठेवून आला होतास, कारण ते घरात नेलं असतं तर ते वैजूच्या कानावर गेलं असतं. तीन वर्षं तू मला फोन केला नाहीस याचं कारण तुझ्याच घरात कुणाला कळू दिलं नाहीस. माझ्याशी भांडलासही, आणि मला सांभाळूनही घेतलंस. सोप्यात बसल्या बसल्या मला हे कळलं आणि मला पळून जावंसं वाटलं.

वैजू चहा घेऊन आली. ती आता तलाठी आहे, तुला किती अभिमान होता ते मी दुसऱ्यांकडून ऐकलंय. वहिनी आत गेल्या, आणि मी तिला म्हणालो, “बाळा, तुझ्या बाबांचं आणि माझं एक भांडण राहिलंय. माकडांवरून झालं होतं.” सगळं सांगायचं की नाही, हे मी अजून ठरवलं नव्हतं. तू तिच्यापासून जपलेली गोष्ट मी सांगितली तर माझ्या मनावरचं ओझं उतरेल आणि तिच्यावर चढेल. नाही सांगितली तर तिच्या तोंडून ‘काका’ ऐकत राहणं ही चोरी.

तिनंच सोडवलं. कप खाली ठेवून म्हणाली, “मला माहीत आहे, काका. मी तिथंच होते.”

“कुठं?”

“हॉलच्या मागच्या दारात. आईनं तुमच्यासाठी डबा दिला होता, तो घेऊन आले होते. तुम्ही बोललात तेव्हा मी दारातच उभी होते.”

“सदाला माहीत होतं?”

“नाही. मी तशीच माघारी गेले, डबा घेऊन. घरी आल्यावर बाबांना म्हणाले, झोप लागली, आलेच नाही मी.” ती थोडं हसली. “त्यांना वाटायचं मला काही माहीत नाही. त्यांना तसं वाटू दे म्हटलं. तेवढ्यावर ते खूश होते.”

तर सदा, हे तुला माहीत नव्हतं. तू तिच्यापासून लपवलंस, तिनं तुझ्यापासून. एका ताटात तुम्ही दोघं जेवत होता आणि दोघांच्या घशात माझंच वाक्य होतं. मी सांगलीत बसून समजत होतो की वाळीत मी पडलोय.

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं हात वर केला. तुझ्यासारखाच करते ती, तळवा पुढं, बोटं थोडी वाकडी.

“माफीचं राहू द्या. मला एकच विचारायचंय. तीन वर्षं विचारायचं होतं. तुम्ही मोठे आहात, शिकलेले आहात, तुम्ही आयुष्यभर हाच अभ्यास केलाय. तुम्हाला अजून तसंच वाटतं का?”

सदा, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिचा आवाज साक्षीदाराची उलटतपासणी घेणाऱ्या माणसाचा नव्हता. तीन वर्षं तिला कुठेतरी शंका येत राहिली असणार, की विज्ञान शिकलेला हा माणूस म्हणतो ते कदाचित खरं असेल. तिला खांद्यावर घेऊन मांडवाबाहेर फिरणाऱ्या तुला तिच्याशी मतलब नव्हता, तिच्या आईशी होता. माझ्या एका वाक्यानं तिला तुझ्याकडे त्या नजरेनं एकदा तरी बघायला लावलं असणार. तू जिवंत असताना.

मी सवयीनं म्हणालो, “विज्ञान असं सांगतं की...” आणि थांबलो. कारण विज्ञान तसं सांगत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या काही लहान माकडांमध्ये पिल्लं पाठीवर वाहून नेणं हे मुख्यतः नराचंच काम असतं, हे मी दर वर्षी शिकवतो. काही माकडांत मोठा नर पोरक्या पिल्लाला जवळ घेतो, हेही शिकवतो. त्या दिवशी हॉलमध्ये उभा राहिलो तेव्हाही मला हे पाठ होतं.

मी खरं ते सांगितलं. “वैजू, मला त्या दिवशीसुद्धा तसं वाटत नव्हतं.”

तिनं विचारलं, “मग बोललात कशाला?”

याचं उत्तर मी तिला देऊ शकलो नाही. तुला देतो. त्या दिवशी कार्यक्रमाआधी आपण स्टाफरूममध्ये बसलो होतो आणि तुझा फोन वाजला. वैजूचा होता, परीक्षेचा काहीतरी निकाल लागला होता. तू खुर्चीवरून उठून उभा राहून बोललास. नुसतं “व्हय गं, व्हय गं” म्हणत होतास आणि डोळे पुसत होतास. माझा मुलगा पुण्यात आहे. माझ्या रक्ताचा, माझ्या नाकाचा. त्याचा फोन येतो तेव्हा तो म्हणतो, आईला दे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तासभरानं तू कोकराची गोष्ट सांगितलीस, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या मनात एवढंच आलं की याला हेही मिळावं? मला तुला हरवायचं होतं. हाताशी सगळ्यात धारदार काय आहे ते मी शोधलं, आणि ते विज्ञानासारखं दिसतंय ना एवढंच बघितलं.

वैजूनं कप उचलले.

“मग तर हे जास्तच वाईट झालं की, काका,” ती म्हणाली. रागानं नाही. एखाद्याच्या सातबारा उताऱ्यात चूक सापडली की सांगावं, तसं.

ती आत गेली. मी सोप्यात बसून राहिलो. कप विसळल्याचा आवाज आला, मग तो थांबला. ती बाहेर येईल म्हणून मी थोडा वेळ वाट पाहिली, आणि चपला घालून निघालो. म्हणून गेल्या रविवारी मी घराकडे वळलो नाही.

स्टँडवर गाडी चालू होती आणि तू म्हणालास सांभाळून जा, तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं: सदा, मी बोललो ते मला खरं वाटत नव्हतं. एवढ्यावर तू मला माफ केलं असतंस, अशी कल्पना मी तीन वर्षं मनाशी धरून होतो. तू कदाचित केलंही असतंस. पण आता उत्तर वैजूकडून आलंय, आणि ते मला बरोबर वाटतं.